मैनेला तीन सलाम

“तीन सलाम! भर गल्लीत, वाकून! अन् म्हणाचं, ‘मैनाबाईसाहेब, मी हरलो.’ आहे हिंमत?” प्रेमिलाबाईनं नळावर बादली अशी आदळली की रांगेतल्या तिघींचे पदर भिजले.

मैना म्हणजे महादेवरावांची बकरी. सायकल दुरुस्तीच्या दुकानापुढच्या खांबाला बांधलेली असायची आणि सिनेमाच्या पोस्टरपासून शेजाऱ्याच्या उशीपर्यंत काहीही खायची.

“मले काय भेव?” महादेवराव ट्यूब घासता घासता म्हणाले. “मोठ्या दिवसाले अजून वीस दिवस आहेत. पोरासाठी, शामूसाठी, तुम्ही सुई उचलानच. तुमचे हात तुमचंच ऐकत नाहीत न, बाई.”

“एक टाका नाही घालत! एक!”

“अन् घातला तर?”

“तर मी करीन सलाम तुमच्या बकरीले.”

समोरच्या घरातली गोदूबाई पंच झाली. आपली जुनी लुगडी दरवर्षी वाकळीसाठी तीच आणून द्यायची, त्यामुळं प्रेमिलाबाईचा टाका तिला अंधारातही ओळखता आला असता. नाताळच्या दुपारपर्यंतची मुदत ठरली आणि सगळी रांग खिदळली.

प्रेमिलाबाई तेवढी हसली नाही. एरवी ही बाई गल्लीतली एक नंबरची वात्रट. पाळकसाहेबांच्या मिटलेल्या छत्रीत मुरमुरे भरून ठेवणारी. पण त्या डिसेंबरात तिचं डोकं शेगडीसारखं पेटलेलं होतं. ते पेटलं होतं हिंगण्याला.

आदल्या रविवारी ती बसनं पोराच्या क्वार्टरवर गेली होती. शमुवेल, घरात शामू, तिथल्या कारखान्यात फिटर. सहा वर्षं नंबर लावून त्याला स्कूटर मिळाली होती. फाटकातून आत शिरली तर स्कूटर काही दिसेना. दिसली ती मागच्या नाताळला तिनं शिवून दिलेली वाकळ. स्कूटरवर अंथरलेली. हँडलला सुतळीनं बांधलेली. मधोमध काळ्या ऑइलचा हातभर ओघळ.

“पाहा न आई, काय फर्स्ट क्लास कव्हर झालं!” शामू खुशीत होता. “जाड आहे, धूळ जातच नाही आत. घरात आम्ही बर्डीच्या दुकानातून मखमलीची रजई आणली.”

“चांगलं केलं,” ती म्हणाली. “मले बस आहे.”

चहा तसाच राहिला. सून तारा मागं धावत आली, तरी ती वळली नाही. सीताबर्डी येईपर्यंत तिनं इतके दात खाल्ले की शेजारचा माणूस उठून दुसरीकडं बसला.

सत्तावीस वर्षं तिनं मिशनच्या दवाखान्यात आयाचं काम केलं. दिवसभर दुसऱ्यांचे बिछाने बदलायचे आणि घरी येऊन आपल्या माणसांसाठी शिवायचं. पोरीला वाकळ, नातवंडांना टोपडी, उरल्या चिंध्यांचे उशांचे अभ्रे. नाताळला दुकानातली वस्तू देणं म्हणजे पाहुण्याला शेजाऱ्याच्या घरी जेवायला पाठवणं, असं तिचं म्हणणं.

आणि तिच्या आईची एक रीत होती. वाकळीचं पोट रिकामं ठेवायचं नाही. सगळ्या थरांच्या आत, अगदी मधोमध, घरातल्या कुणाच्या तरी अंगावरचं कापड घालायचं. पण काय घातलं ते घेणाऱ्याला सांगायचं नाही. सांगितलं की ऊब उडाली.

शामूच्या वाकळीच्या पोटात त्याच्या बापाचा खाकी कोट होता.

दानियल त्याच दवाखान्याच्या फाटकावर दरवान होता. दोन वर्षांमागं गेला. त्याची खाट दिली, पेटी दिली, छत्री कुणीतरी नेली. कोट राहिला होता. तो घडी करून तिनं पोराला दिला, तोंडातून एक शब्द न काढता. आणि पोरानं त्याच्यावर ऑइल सांडलं.

सांगताही येईना आणि गिळताही येईना. मग ती घरातल्या भांड्यांवर भडकली, दूधवाल्यावर भडकली. एकदा तर दानियलच्या फोटोवरच भडकली, “तुम्ही काय हसून राहिले? तुमचंच पोरगं आहे!”

पंधरवडा सरता सरता तिच्या डोक्यात एक खोडी शिरली. ती उठली, बाजारातून जुनी ताडपत्री घेऊन आली आणि मोठं दाभण काढलं. तीन दिवस दाभण कापडातून जाताना कर्र कर्र वाजत होतं. बोटाला दोनदा भोक पडलं. हँडलची लांबी, सीटची उंची, सगळी मापं दिली महादेवरावांनी, कशासाठी ते न कळता, गिऱ्हाईकाची एक स्कूटर दुकानात आली होती तिच्यावरून.

नाताळच्या दिवशी उपासना सुटली आणि शामू ताराला मागं बसवून गल्लीत आला. महादेवरावांच्या दुकानासमोर स्कूटर लावली, पायापाशी घडी करून ठेवलेली ती वाकळ काढली आणि आईच्या डोळ्यांदेखत स्कूटरवर पसरली.

प्रेमिलाबाई ओट्यावरच उभी होती. ताराच्या हातात तिनं अभ्रे ठेवले. मग ताडपत्रीचं गाठोडं शामूच्या छातीवर फेकलं.

“हे तुले नाही. तुह्या गाडीले आहे. तुले यंदा काही नाही.”

गल्ली गोळा झालीच होती. शामूनं गाठोडं उलगडलं. हँडलला दोन बाह्या, आरशांना टोप्या, खाली नाडी. त्यानं वाकळ काढली, कव्हर चढवलं. पायात मोजा बसावा तसं बसलं.

“अरे वा! आई, कंपनीवाले झक मारतात तुह्यापुढं!”

त्याला खरंच आनंद झाला होता. प्रेमिलाबाईच्या अंगाची लाही लाही झाली. साधा अपमान, तोही या पोराच्या मापाचा शिवता आला नाही!

“थांबा, थांबा,” महादेवराव पुढं आले. “टाके तर घातले न यांनी! मी जिंकलो.”

गोदूबाईनं कव्हर उलटसुलट करून पाहिलं. “गाडीले घातलेला टाका गाडीचा. शामूचा नाही. महादेवराव, काढा टोपी.”

शिट्ट्या झाल्या. पैजेचं कळल्यावर शामूही रंगात आला. आईचाच वात्रटपणा त्याच्यात उतरला होता.

“असं नाही न गा! सलाम घेणाऱ्या बाईसाहेबाले शाल पाहिजे!” असं म्हणत त्यानं ती वाकळ मैनेच्या पाठीवर टाकली.

गल्ली हसून लोळायला लागली. महादेवराव वाकले. आणि मैनेनं मान वळवून, ऑइलनं कुजलेल्या मधल्या टाक्यांत दात घातले आणि हिसका मारला.

टरकन वाकळीचं पोट फाटलं. आतून एक खाकी बाही लोंबायला लागली. मनगटाशी पितळेची तीन बटणं. मधलं चपटं, चावून चावून वाकवलेलं.

शामू एक पाऊल पुढं आला. फाटकावर बापाच्या मांडीवर बसून ते बटण चघळत तो लहानाचा मोठा झाला होता.

“आई... हा बाबाचा कोट?”

“मले काय विचारतं? स्वतःच्या दाताचं बटण नाही ओळखत तू?”

“मग सांगितलं काहून नाही?”

“सांगाची रीत नाही!” प्रेमिलाबाईचा आवाज फुटला. “वापराची रीत होती!”

तिनं मैनेच्या तोंडातून वाकळ ओढली, मैनेच्या थोबाडावर एक चापट ठेवली आणि तिथंच ओट्यावर बसली. छातीशी पोलक्यात सुई कायम खोचलेली असायची, दोऱ्यासकट. बाही तिनं आत ढकलली. मधलं बटण अंगठ्यानं एकदा पुसलं. मग धावदोरा सुरू झाला, भरभर, रागारागानं, दोन बोटांत चार टाके.

गोदूबाईनं तोंडावर हात ठेवला. तिच्याकडं पाहून महादेवरावांनी मान हलवली, बोलू नका म्हणून, आणि हळूच म्हणाले, “मीच करतो सलाम. माझंच ठरलं आहे.”

“चूप बसा!” प्रेमिलाबाईनं दातानं दोरा तोडला. “दुपार अजून सरली नाही. टाका कोणाचा ते मले माहीत आहे.”

वाकळ तिनं शामूच्या अंगावर फेकली, त्याच्याकडं न बघता. उठली. नाताळच्या नव्या लुगड्याचा पदर कमरेला खोचून भर गल्लीत मैनेसमोर जाऊन उभी राहिली. गुडघे कुरकुरले तरी वाकली. एक. दोन. तीन.

“मैनाबाईसाहेब, मी हरली.”

मग ती गल्लीकडं वळली.

“आता हसा न गा!” ती गरजली. “पैज लागली तवा तर सगळ्याइचे दात निघून राहिले होते!”

महादेवरावांची टोपी अजून हातातच होती. आणि शामू, ऐन दुपारच्या उन्हात, ती ऑइलची वाकळ दोन्ही खांद्यांवरून गच्च लपेटून उभा होता. घाम कानामागून गळत होता. तारा म्हणाली, “काढा न आता.” त्यानं काढली नाही.