दहाव्याला दिलेला शब्द

माझे सासरे सावळीराम सिगारेटपायी गेले. फुप्फुसाचा कॅन्सर. १९९४ साल होतं. दहाव्याला रामकुंडावर पिंड ठेवला, पण कावळा काही शिवेना. सासऱ्यांचे धाकटे भाऊ बहिरूकाका यांनी पिंडाशेजारी सिगारेट ठेवली. ज्या सिगारेटने माणूस नेला, तीच त्याच्या पानावर! तरी कावळा येईना. मग काका आमच्या ह्यांना म्हणाले, "ज्ञानेश, दादाचा जीव तुझ्यात अडकलाय. सोडतो म्हण."

हेही ओढायचे. ह्यांनी हात जोडले. "बाबा, आजपासून सिगारेट बंद."

कावळा लगेच उतरला. सगळे सुटल्यासारखे घराकडे वळले आणि विषय तिथेच मिटला.

पण व्यसनाला कावळ्याचं काय! ह्यांचे हात थरथरायचे, झोप उडाली, बडीशेप चघळून तोंड सोललं. डॉक्टरकडे जायचं कुणाच्या डोक्यातही आलं नाही. गेलेल्या माणसासमोर मिटलेल्या गोष्टीला डॉक्टर कशाला? काही महिन्यांत पुन्हा सुरू झालं. बापाच्या पिंडासमोर दिलेला शब्द मोडला हे सांगणार कुणाला? हे लपवून ओढू लागले. मग खोकलाही लपवू लागले. ऑफिसातली धूळ म्हणायचे. बेसिन स्वतः धुवायचे आणि मी त्याचं कौतुक करायची. रक्त पडत होतं त्यात.

शेवटी जिना चढवेना, तेव्हा दवाखाना गाठला. डॉक्टरांनी विचारलं, "सिगारेट कधी सोडली?"

हे माझ्याकडे बघत म्हणाले, "सोडलीच नाही."

डॉक्टर म्हणाले, "एका झटक्यात फार थोड्यांची सुटते हो. पुन्हा पुन्हा प्रयत्न करावा लागतो. निकोटिनचं च्युइंगम मिळतं, गोळ्या मिळतात. नुसतं सांगायला हवं होतं."

मला संताप आला. ह्यांचा, काकांचा, त्या मेल्या कावळ्याचासुद्धा.

२००६ साली हे गेले. पुन्हा रामकुंड, पुन्हा पिंड, आणि कावळा पुन्हा लांबच. काकांनी माझ्या मुलाच्या खांद्यावर हात ठेवला. कुंदन तेव्हा कॉलेजात होता. "कुंदन, बापाला शब्द दे. सिगारेटला कधी शिवणार नाही म्हण."

मी मध्ये उभी राहिले. "कुणी कसलाही शब्द देणार नाही."

"मनीषा, अगं त्याचा जीव अडकलाय."

"अडकू दे."

बायका कुजबुजल्या. गुरुजींनी शेवटी दर्भाचा कावळा करून पिंडाला लावला. काका रागाने निघून गेले.

कुंदन पायरीवर बसून राहिला होता. मी शेजारी बसले. तो खाली बघत म्हणाला, "आई, मीपण ओढतो."

जे वाक्य ह्यांना दवाखाना गाठेपर्यंत बोलता आलं नाही, ते माझा मुलगा आपणहून बोलला होता.

"सोडून बघितली," तो म्हणाला. "जमत नाही."

"परत बघू. उद्या त्याच डॉक्टरांकडे जाऊ."

"आणि पुन्हा ओढली तर?"

"तर घरी येऊन मला सांगायचं."