जागेवरची सायकल

दिवाळी उरकल्यावर महिपत सारंग बोटीवरून घरी आला, तो पोट पुढे आणि तोंड पाडून. मुंबईत उतरल्या उतरल्या कंपनीच्या डॉक्टरानं त्याला तपासलं होतं. जिना चढवला, छातीला नळी लावली, काट्यावर उभा केला आणि वर ऐकवलंन, "सारंग, शिमगा झाला की परत या. वजन उतरलं आणि दम वाढला तर बोट, नाहीतर घरी बसून आंबे राखा." सारंग म्हणजे बोटीवरच्या खलाशांचा मुकादम. ज्याच्या एका शिटीवर माणसं धावत सुटायची, त्याला असं बोलायची कुणाची छाती नव्हती आजवर.

रत्नागिरीजवळच्या मिऱ्या गावातल्या घराच्या पडवीत बसून त्यानं हे सगळं बायकोला सांगितलं, तेव्हा सगुणा बांगडे साफ करत होती. तोंडानं ती "अगो बाई!" म्हणाली खरी. पण खोटं कशाला बोला, पोटात तिच्या आनंदाची उकळी फुटली. लग्न झालं, पोरगी झाली, ती मोठी होऊन लांज्याला नांदायलासुद्धा गेली, तरी नवऱ्याला भात किती लागतो हे सगुणेला दर खेपेला नव्यानं विचारावं लागायचं. आता हा माणूस घरी राहील. रोज जेवेल, रोज कुरकुरेल, भांडेल. भांडू दे मेला! भांडायला तरी समोर असेल.

मग सरळ सांगायचं होतं, "आता पुरे, जाऊ नका." एवढं बोलायला काय पैसे पडतात? पण नाही. त्या घरात ते शब्द उच्चारायची सोय नव्हती. दर्यावर जाणाऱ्याला अडवू नये, मागून हाक मारू नये, "कधी येणार" असं विचारू नये. म्हणायचं ते फक्त "या". सगळ्याच दर्यावर्दी घरांतली ही रीत, पण हे घर ती सोसून शिकलं होतं. महिपतचा थोरला भाऊ तांडेल, म्हणजे मासेमारी होडीवरचा म्होरक्या, होता. एका खेपेला त्याच्या बायकोनं, चिमानं, उंबऱ्यात त्याची बाही धरलीन आणि "या टायमाला नका जाऊ" म्हणून रडली. तो हसून गेला, तो गेलाच. फळकूटसुद्धा मिळालं नाही. सासूबाई, सोनूबाई, जन्मभर म्हणत राहिल्या, "हिनं अडवलंन नि दर्यानं ऐकलंन." चिमा त्यापुढे जगली, पण माजघराच्या भिंतीकडे तोंड करून. सगुणा नवी सून म्हणून आली तेव्हा तिला पहिली ओळख झाली ती जावेच्या पाठीची. त्यामुळे पोटात काहीही असो, जिभेवर ते शब्द यायचे नाहीत. आले असते तर तिनं स्वतःच्या हातानं जीभ भाजून घेतली असती.

महिपत आल्याचं कळताच केरू वस्ताद आला. बाजारात मारुतीच्या देवळामागे त्याची तालीम, आणि महिपतचा तो शाळेपासूनचा दोस्त.

"उद्यापासनं यायचं," त्यानं फर्मान काढलं. "पहाटे. आधी नुसतं चालायचं, मग हलक्या बैठका, मग बघू."

"मी? त्या पोरांच्या रांगेत? लंगोट लावून?" महिपत म्हणाला.

"नवशिक्याला लाज कसली? वय डोक्याला असतं, मांड्यांना नसतं. घरात माणूस आपणच आपल्याला सूट देतो बघ. आज काय अंग दुखतं, उद्या काय पाहुणे आले. तालमीत सूट द्यायला मी नाय नि घ्यायला तू नाय."

आत सगुणेच्या हातातली पळी थांबली. हा केरू कसला चिवट होता ते साऱ्या रत्नागिरीला माहीत होतं. बाजारातल्या एका किराणावाल्याला दुकानाच्या पायऱ्या चढवत नव्हत्या. त्याला केरूनं वर्षभरात असा वाळवला की बायकोनं नवस फेडले. हा माणूस महिपतला शिमग्यापर्यंत बोटीवर चढवणार यात शंकाच नको. सगुणा पदराला हात पुसत बाहेर आली.

"भावजी, तुमचं सगळं खरं. पण माणसाचा मान बघायला नको काय? कालची पोरं हसतील. त्यापरीस यमुनाबाईंकडे ती सायकल आहे ना, जागेवरची? पोरानं दुबईहून पाठवलेली? ती आणू. घरच्या घरी करतील. दार लावलं की कोण बघतंय?"

यमुनाबाई शेजारच्या. पोरानं मोठ्या हौसेनं आईला गुडघ्यांसाठी ती सायकल धाडली होती. चाक हवेतल्या हवेत फिरतं, माणूस जागच्या जागी. यमुनाबाईंनी दोन दिवस पाय मारले; तिसऱ्या दिवसापासून तिच्यावर त्यांची लुगडी वाळत होती. सगुणा रोज बघत होती ते. म्हणून तर तिला ती आठवली.

"वयनी, नवशिक्याला मशीन म्हणजे नव्याचे नऊ दिवस," केरू वैतागला. "घरचा व्यायाम म्हणजे गप्पा!"

हेच तर हवं होतं सगुणेला. आणि नवल म्हणजे महिपतनंही फार ताणलं नाही. "बरं तर," तो म्हणाला, "सायकलच आणू."

दोघा गड्यांनी उचलून सायकल मागच्या पडवीत आणून ठेवली. तिथून माडांच्या मधनं समुद्र दिसायचा. महिपत पहिल्या दिवशी चढला, चार फेरे मारले, धापा टाकत उतरला आणि पोहे मागितलेन. दुसऱ्या दिवशी तेच. मग एक दिवस पाय दुखले, एक दिवस लांज्याहून लेक-जावई आले. सगुणेनं सायकलच्या दांड्यावर हळूच एक ओला पंचा टाकून बघितला. तो दिवसभर तिथंच राहिला. तिला वाटलं, आता उठून त्या मारुतीला नारळ फोडून यावं. डॉक्टर नाही म्हणेल, महिपत चार दिवस रुसेल, मग रुळेल. कलमांना पाणी घालील, संध्याकाळी धक्क्यावर जाऊन येईल आणि दिवेलागणीला घरी असेल.

पण म्हणतात ना, करायला गेला गणपती नि झाला मारुती.

एका पहाटे महिपत उगाच त्या सायकलवर जाऊन बसला होता, पाय लोंबकळत, समुद्राकडे बघत. सगुणा चहा घेऊन गेली. कप देऊन आत वळायचं, एवढंच तिला करायचं होतं, पण त्या दिवशी थंडी गोड होती आणि आत काही अडलं नव्हतं. ती जोत्यावर टेकली आणि सहज म्हणाली, "हा इथला माड तुम्ही ओळखलात काय? तुम्ही मागे गेलात तेव्हा त्याच्यावर वीज पडली."

"माडावर? आणि मला कुणी सांगितलं नाही?"

"तुम्ही होतात कुठे सांगायला!"

तिनं सांगायला सुरुवात केली. वीज कशी पडली, गोठ्यातलं वासरू कसं ओरडलं, यमुनाबाई उलट्या पायताणांत कशी धावत आली. महिपत ऐकता ऐकता पाय मारायला लागला. त्याचं त्यालाही कळलं नाही.

दुसऱ्या दिवशी चहा घेऊन तोच म्हणाला, "बस की गो. मग वासराचं काय झालं?"

झालं! त्या दिवसापासून पहाट त्या दोघांची झाली. सगुणा बोलायची, महिपत पाय मारत ऐकायचा. इतक्या वर्षांचं साठलेलं होतं तिच्याकडे. लेकीनं पहिलं पाऊल कुठल्या खांबाला धरून टाकलंन. गोवर निघाला तेव्हा काय केलं. वादळात कौलं उडाली तेव्हा सासूसुना माजघरात छत्री उघडून कशा बसल्या. महिपत हसायचा, खोदून खोदून विचारायचा. आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी सगुणेला ऐकून घेत होतं, आणि तो कुणीतरी तिचा नवरा होता. रात्री अंथरुणावर पडून ती उद्या काय सांगायचं ते ठरवायची. नव्या नवरीला नसेल एवढी घाई झालेली असायची तिला उजाडायची.

एकदा त्यानं विचारलं, "आई गेली तेव्हा माझं नाव काढलंन काय?" तार मिळाली तेव्हा तो आफ्रिकेच्या किनाऱ्याला होता, आईची राखसुद्धा त्याला दिसली नव्हती.

सगुणेला खोटं सांगता आलं असतं. ती म्हणाली, "नाव नाही काढलं. विचारलंन, भरती आहे की ओहोटी. मी म्हटलं, भरती. तर म्हणाल्या, मग बोट बंदरात येईल."

महिपत थांबला. मग मान खाली घालून त्यानं असे जोरजोरात पाय मारले की चाक घुमायला लागलं. घाम होता की डोळ्यांतलं पाणी होतं, कोण सांगणार? सगुणेनं पुढे होऊन पदरानं त्याचं तोंड पुसलं. उजाडलेलं होतं, यमुनाबाईंच्या परसातनं दिसत होतं, पण तिला त्याचं काही वाटलं नाही.

कलमांना मोहोर आला आणि महिपतच्या पँटी कमरेत ढिल्या झाल्या. सगुणेनं त्या आत घेतल्या. सुई टोचताना तिच्या डोक्यात लख्ख उजेड पडला, आपण हे काय करून बसलो! दुसऱ्या पहाटे तिनं डोकं दुखण्याचं सोंग केलं. महिपत एकदा स्वयंपाकघराच्या दारात येऊन गेला. "आज नाय येणार?" एवढंच म्हणाला. सायकल फिरली नाही. तिसऱ्या दिवशी केरू डोकावला, सायकल उभी बघून गरजला, "बोललो होतो की नाय? उद्या कानाला धरून तालमीत नेतो!" सगुणेला इकडे आड, तिकडे विहीर झालं. तालमीत गेला तर बोटही पक्की आणि पहाटही गेली. त्यापरीस हे बरं, असं तिनं मनाला समजावलं. गप्पा मारून कुणी बोटीवर चढतं काय? केरूच म्हणत होता ना, घरचा व्यायाम म्हणजे गप्पा? डॉक्टर काय खुळा आहे? उजाडायच्या आत ती चहा घेऊन जोत्यावर हजर झाली.

शिमग्याची पालखी नाचली, होळी पेटली, आणि महिपत मुंबईला गेला. सगुणेनं ग्रामदेवतेला काय मागितलं ते तिचं तिला ठाऊक. चारच दिवसांत तो पेढे घेऊन परत आला.

"डॉक्टर म्हणाला, सारंग, काय खाल्लंत काय? जिना धावत चढून दाखवला त्याला! पुढल्या आठवड्यात बोट. सही करूनच आलो."

यमुनाबाई आल्या, केरू आला. "मानलं वयनी," केरू म्हणाला, "वस्ताद मी नाय, तुम्ही! बायको पाठीशी असली तर घरचीसुद्धा तालीम होते." सगळे हसले. सगुणाही हसली. हसत हसत आत गेली आणि चुलीत नसलेल्या धुराला बोल लावून डोळे पुसलेन.

निघायच्या दिवशी महिपतनं दर्याला नारळ दिला, देवाला नमस्कार केला आणि उंबरा ओलांडला. सगुणा एसटी स्टँडपर्यंत गेली. मुंबई गाडी लागलेली होती. महिपत खिडकीशी बसला, ती खाली उभी. कुळीथ पीठ कुठल्या पिशवीत, लोणच्याची बरणी कुठं, ते सांगून झालं. मग तो खिडकीतून वाकून म्हणाला,

"एक सांगू काय गो? मला या खेपेला जायचं नव्हतं."

सगुणा खिडकीजवळ सरकली.

"डॉक्टर बोलला तेव्हा तोंड पाडलं मी, चारचौघांसाठी. मनात म्हटलं, सुटलो. केरू काय सोडत नाय. म्हणून तू सायकलीचं नाव काढलंस तेव्हा लगेच हो म्हटलं. म्हटलं, चार दिवस फिरवीन, मग पडेल कोपऱ्यात. पण तू रोज पहाटे उठून बसायला लागलीस. तेव्हा कळलं."

"काय कळलं?" तिनं विचारलं.

"की तुला मी गेलेलाच बरा. रागानं नाय बोलत मी. इतकी वर्षं एकटीनं रेटलंस, आता हे लोढणं रोज कशाला गळ्यात? म्हटलं, बिचारी एवढी झोपमोड करते आपल्यासाठी, तर मारावेत पाय."

सगुणेनं खिडकीचा गज धरला. नाही हो, नाही! मी तिथं बसायचे ती तुमच्यासाठी, बोटीसाठी नाही! एवढं सगळं तिला सांगायचं होतं. कंडक्टरनं दार ओढलं. महिपत तिच्याकडे बघत होता, पोरानं बघावं तसा.

"अजून उतरतो बघ. सही गेली खड्ड्यात. तू फक्त राहा म्हण."

तिनं तोंड उघडलं. पण नारळ दर्याला देऊन झाला होता. पाय उंबऱ्याबाहेर पडला होता. आणि डोळ्यांपुढे भिंतीकडे तोंड केलेली चिमा होती, तिची ती पाठ. राहा म्हटलं, आणि तरीही हा गेला तर? आज नाही, उद्या गेला तर? दर्यानं ऐकलं तर?

"या," सगुणा म्हणाली. "सांभाळून या."

महिपत हसला. "बघ," तो म्हणाला, "मला ठाऊकच होतं." आणि गाडी हलली.