टाचणीची बातमी

"आत गेल्यावर काय बोलायचं ते तुझं तू बघ," नणंदेनं फोनवर बजावलं होतं, "पण बाहेर बसवतात ना, तिथं कान आणि तोंड दोन्ही मिटून बस. सतरा वर्षं ऑफिसात काढलीत मी. माणसं आत कमी घसरतात, बाहेरच्या खोलीत जास्त."

"ताई, मी नोकरी मागायला चाललेय, दरोडा घालायला नाही," असं म्हणून चिंगीच्या आईनं ते हसण्यावारी नेलं, लेकीला पाळणाघरात सोडलं आणि ती निघाली.

तिला स्वतःचं नाव होतं, पण तीन वर्षांत ते फारसं कोणी वापरलं नव्हतं. पाळणाघरात, दवाखान्यात, शेजारीपाजारी ती चिंगीची आई. अर्जावर नाव लिहिताना दूरच्या कुणा नातेवाइकाचं लिहितोय असं तिला वाटलं होतं.

कंपनी लिफ्टची. लिफ्ट बसवायच्या आणि पुढं वर्षानुवर्षं त्यांची देखभाल करायची. जागा होती नियोजन विभागाच्या प्रमुखाची. कुठला मेकॅनिक आज कुठल्या इमारतीत जाणार, कुठं माणूस अडकलाय, तिथं आधी कोण पोचणार, हे सगळं एका टेबलावरून चालवायचं. चिंगी व्हायच्या आधी दुसऱ्या एका कंपनीत तिनं सहा वर्षं हेच केलं होतं. झोपेतून उठवलं तरी करील.

आठव्या मजल्यावरच्या काचेच्या खोलीत पाच जण बसले होते. ती सहावी. चौघांकडं बघून तिला धीर आला. पाचवीकडं बघितलं आणि तो धीर तिथंच ओसरला.

टाचणी.

जुन्या ऑफिसातली तिची शेजारीण. बारीक, ताठ, टोकदार, आणि कसलेही सुटे कागद हातात दिले की एकत्र राहणार, म्हणून सगळे तिला टाचणी म्हणायचे. चिंगीच्या वेळी हिनं राजीनामा दिला, तेव्हा हिच्या खुर्चीवर टाचणी बसली. पुढं बढतीही मिळाली म्हणे.

"अगं, तू!" टाचणी उठून गळ्यात पडली. "चिंगी कशी आहे? फोटोत नुसते गाल दिसतात!"

"गालच आहेत. बाकी सगळा आवाज." चिंगीच्या आईनं हसू ओढून आणलं. टाचणीचा शर्ट कडक इस्त्रीचा. हिच्या खांद्यावर सकाळी चिंगीनं नाक पुसलेलं, ते ओल्या रुमालानं घासून आता नकाशासारखं पसरलेलं. "पण तू इथं कशी? तुझं तर तिकडं झकास चाललंय."

"चाललंय गं." टाचणीनं पर्सची चेन उघडली, पुन्हा लावली. "बदल हवा, म्हटलं."

बदल हवा! चिंगीच्या आईच्या मनात आलं, ज्यांच्या ताटात आहे त्यांनाच पुन्हा वाढायला येतात. आम्ही नुसते पंगतीच्या कडेला उभे.

पहिली फेरी सगळ्यांची एकत्र होती. विभागाचे साहेब चष्मा कपाळावर सरकवून म्हणाले, "सोमवारची सकाळ. चौदा मेकॅनिक, त्यातले तिघं गैरहजर. दोन लिफ्ट बंद पडल्यात. ऑफिसच्या इमारतीत पाच जण अडकलेत, राहत्या इमारतीत एक. जवळचा मेकॅनिक एकच आहे. कुठं पाठवाल?"

चिंगीच्या आईचा हात सगळ्यांत आधी वर गेला. "पाच जणांकडे."

साहेबांनी मान डोलावली. दोघांनी तिचीच री ओढली. मग टाचणीनं कागदावरून नजर न उचलता विचारलं, "तो जो एकटा अडकलाय, त्याचं वय काय?"

साहेबांनी कागद उलटा केला. मागच्या बाजूला एकच ओळ होती. "सात वर्षं," ते म्हणाले, आणि त्यांनी चष्मा डोळ्यांवर घेतला.

चिंगीच्या आईचे कान तापले. घरात मूल हिच्या, रात्रंदिवस त्याच्या श्वासावर लक्ष ठेवणारी ही, आणि हा प्रश्न सुचावा जिला मूल नाही तिला? उत्तर चुकल्याचं दुःख नव्हतं. ते उत्तर तिचं होतं आणि टाचणीनं तेही उचललं होतं, जशी खुर्ची उचलली होती.

दुपारपर्यंत चौघांना निरोप मिळाला. उरल्या दोघी.

"बघ, जुनं टेबल पुन्हा जमलं," टाचणी म्हणाली. बाहेरच्या खोलीत कॉफी आली, तिनं नको म्हटलं. "पोटात ढवळतंय सकाळपासून." कोरडं बिस्कीट उंदरासारखं कडेकडेनं कुरतडत बसली. चिंगीची आई ते बघत राहिली. बघण्याची सवयच लागली होती तिला. ताप यायच्या आधी लेकीचे डोळे कसे होतात, हेसुद्धा तिला आधी दिसायचं.

थोड्या वेळानं खांद्यावरचा डाग पुन्हा एकदा धुवावा म्हणून ती प्रसाधनगृहात गेली. डाग धुऊन हात वाळवायच्या यंत्राखाली खांदा धरला. ते घरघर करत होतं तेवढ्यात आतल्या दाराआडून टाचणीचा आवाज आला. ती फोनवर कोणाशी तरी बोलत होती. यंत्र थांबलं तेव्हा वाक्याचं शेपूट तेवढं कानावर पडलं.

"...दिवस गेलेत गं. घरी अजून कोणालाच सांगितलं नाही. ही नोकरी मिळू दे, मग सांगेन. आधी कळलं तर सगळंच बिनसेल."

चिंगीची आई पाय न वाजवता बाहेर आली. दिवस गेलेत! म्हणून कॉफी नको. म्हणून कोरडं बिस्कीट. तिला आधी काय वाटलं असेल? आनंद? खरं सांगायचं तर नाही. मला तीन वर्षं घरी बसावं लागलं ते याच्यासाठीच ना? आणि ही मात्र खुर्ची आधी पटकावणार, बातमी मागाहून सांगणार. दोन्ही हातांत लाडू!

तेवढ्यात तिचं नाव पुकारलं गेलं.

आत साहेब होते आणि एचआरच्या बाई. कामाचे प्रश्न तिनं पटापट टोलवले. साहेब खूश दिसले. मग बाईंनी गोड आवाजात विचारलं, "तीन वर्षांची गॅप आहे तुमची. मुलगी लहान आहे. ती आजारी पडली, पाळणाघर बंद असलं, तर?"

हा प्रश्न येणार हे तिला ठाऊक होतं. उत्तर आरशासमोर पाठ केलं होतं: नवरा आहे, नणंद जवळ राहते, वगैरे. पण तोंडातून निघालं ते निराळंच.

"माझं मूल निदान जगात आलंय, मॅडम. त्याचं वेळापत्रक मला माहीत आहे. काहींचं अजून यायचंय."

बाईंचं पेन थांबलं. "म्हणजे?"

"काही नाही. सहज म्हटलं."

साहेबांनी दाराकडे बघितलं. "तुम्ही दोघी जुन्या मैत्रिणी ना?"

"हो," चिंगीची आई म्हणाली. "म्हणून तर मी काही बोलत नाहीये."

बाहेर पडताना टाचणीनं तिचा हात दाबला. "कसं झालं?" तो हात बर्फासारखा गार होता. "बरं झालं," असं म्हणून चिंगीच्या आईनं आपला हात सोडवून घेतला.

दुसऱ्या दिवशी दुपारी चिंगीला भरवत असताना फोन आला. नोकरी हिला. तिनं चिंगीला उचलून गरागरा फिरवलं, इतकं की खाल्लेलं सगळं चिंगीनं दुसऱ्या खांद्यावर काढलं. नवरा म्हणाला, "बघ, तू उगाच घाबरत होतीस." सुंठीवाचून खोकला गेला, असं तिला वाटलं. संध्याकाळपर्यंत वाटत राहिलं.

संध्याकाळी टाचणीचा फोन.

"अभिनंदन गं. मनापासून. तुला मिळाली, ते बरं झालं." मग जरा थांबून, "त्यांना माझं कळलं होतं."

"काय कळलं होतं?" चिंगीच्या आईनं विचारलं.

"त्या बाईंनी विचारलं, तुम्ही आमच्यापासून काही लपवत तर नाही ना? पायाखालची जमीनच सरकली माझ्या. तोंडातून निघून गेलं, तुम्हाला कोणी सांगितलं? झालं. दोघांनी एकमेकांकडं बघितलं, आणि साहेब म्हणाले, आम्ही कळवू."

"पण लपवत काय होतीस तू?"

"तुला म्हणून सांगते. कोणाला बोलू नकोस. आपल्या ऑफिसनं मला काढलं. अर्धा विभागच बंद केला. चौऱ्याहत्तर दिवस गेलेत त्याला. घरी कोणालाच माहीत नाही. रोज नऊला डबा घेऊन निघते, सहाला परत येते. मामंजी सगळ्यांना सांगत फिरतात, सून साहेबीण आहे म्हणून. कालसुद्धा मावसबहिणीला तेच सांगत होते. एवढी नोकरी मिळाली असती ना, तर कोणाला काही कळलंच नसतं."

चौऱ्याहत्तर. यंत्राच्या घरघरीत बुडाला होता तो एवढाच एक शब्द. पोटात दिवस नव्हते. मोजून काढलेले दिवस होते.

"ऐकतेस ना?" टाचणी म्हणाली.

सांगायची वेळ तीच होती. चिंगीची आई म्हणाली, "ऐकतेय. अगं, मिळेल तुला दुसरी."

"हो. मिळेलच की." टाचणी हसली, ऑफिसात चुकीचा कागद हाती आला की हसायची तशी. आणि फोन ठेवला.

रात्र कशीबशी सरली. सकाळी चिंगीच्या आईनं आठवा मजला गाठला आणि एचआरच्या बाईंपुढं उभी राहिली. "मॅडम, परवा माझ्या मैत्रिणीबद्दल मी जे म्हटलं, ते खरं नव्हतं. माझा गैरसमज झाला होता."

बाईंनी शांतपणे वर बघितलं. "कशाबद्दल? तुम्ही तर काहीच म्हटलं नव्हतं."

"मी सुचवलं होतं..."

"आमच्या नोंदीत तसलं काही नाही. असूही शकत नाही. असल्या कारणावरून आम्ही कोणाला नाकारत नाही." त्यांनी कागद पुढं सरकवला. "सोमवारी रुजू होताय ना? की दुसऱ्या कोणाला बोलावू?"

ते दुसरं कोणी कोण असणार, हे दोघींनाही माहीत होतं. 'बोलवा' एवढंच म्हणायचं होतं. चिंगीच्या आईनं पेन उचललं आणि सही केली. तेव्हाही, खोटं कशाला बोला, मनाच्या एका कोपऱ्यात बरंच वाटलं तिला. ते सात वर्षांच्या मुलाचं उत्तर अजून सलत होतं.

सोमवारपासून टाचणीचा फोन लागेना. मंगळवारी नाही, बुधवारी नाही. गुरुवारी कामावरून सुटून ती टाचणीच्या घरी गेली. सात वाजून गेले होते. दार मामंजींनी उघडलं.

"या, या! सूनबाई अजून ऑफिसातच आहे. हल्ली फार उशीर होतो तिला. कामच तेवढं असतं. काल तर नऊ वाजले. फोनही बंद ठेवायला लावतात म्हणे मीटिंगमध्ये. तुम्ही तिच्याच ऑफिसातल्या ना?"

"होते," चिंगीची आई म्हणाली. "आधी होते."

खरं सांगावं तर टाचणीचं इतके दिवस झाकलेलं उघडं पडणार. न सांगावं तर हे बिचारे जेवायचे थांबून राहणार. ती पाणी पिऊन उठली. खाली येऊन रस्त्याच्या दोन्ही टोकांना बघितलं. वाचनालय बंद झालं होतं. बागेचं फाटक बंद. दवाखान्याच्या बाहेरच्या बाकांवर तिनं एकेक चेहरा बघितला. पाळणाघरातून दोनदा फोन आला, तेव्हा तिला परतावं लागलं.

आता रोज ती आठव्या मजल्यावर बसते आणि अडकलेल्या माणसांकडे मेकॅनिक धाडते. तिथून हलता येत नाही, म्हणून ती तुम्हालाच विनवते. तुम्ही दिवसाउजेडी बाहेर असता, वाचनालयात, स्टेशनवर, दवाखान्यात. कुठं तरी एक बारीक बाई ताठ बसलेली असेल, कपड्यांना कडक इस्त्री, पुढ्यातल्या वर्तमानपत्राचं पान बराच वेळ उलटलेलं नसेल. तिच्याशेजारी जरा बसा. नाव विचारू नका, नोकरी तर नकोच. जेवलीस का, एवढं विचारा, आणि ती बरी आहे की नाही ते बघून या.