पेजेचा रंग

जीवशास्त्राच्या नव्या अभ्यासक्रमात जे डोळ्यांना दिसलं तेच लिहायचं, आणि गुण तिथल्या तिथे. भाताच्या पेजेत आयोडिन टाकलं की निळा रंग येतो, हे सगळ्यांना पाठ आहे. माझ्या नळीत पिवळाच आला. नळी धुऊन पुन्हा केलं, तरी पिवळाच.

शेजारच्या सुष्मिताची नळीही पिवळीच होती. तिनं "निळा" लिहिलं आणि मोकळी झाली. मी चडफडत "निळा आला नाही" लिहिलं. शिवरंजनी टीचरनी सगळ्यांना दहा दिले, मला दोन.

माझं डोकं फिरलं. पेजेची बाटली टीचरच घरून आणतात, त्यांच्या सासूबाई भरून देतात. मी नळी नाकाशी नेली. ताकाचा वास आला.

कुंभकोणमला शाळेत आम्ही तमिळच बोलतो, पण टीचरही आमच्यासारख्याच विठ्ठल मानणाऱ्या मराठी घरातल्या. मी मराठीतच विचारलं, "टीचर, आज एकादशी. तुमच्या घरी भात शिजला होता?"

त्यांनी बाटलीचं बूच काढून वास घेतला. मग समोरच्या वह्यांच्या गठ्ठ्याकडे पाहिलं. माझी सोडून प्रत्येक वहीत ताक निळं झालं होतं, आणि खाली त्यांची सही होती.