ज्युडिथ मॅडमचा कुकर

मित्रांनो, रोह्याच्या कॉलेजात जीवशास्त्राच्या प्रयोगशाळेत कपाटावर एक जुना प्रेशर कुकर पडून आहे. तोच मी. माझी मूठ एका बाजूने जळली आहे आणि झाकणाला कसकसले डाग आहेत.

माझी पहिली वर्षं रोह्याशेजारच्या अष्टमी गावात, एका बेने इस्रायली, म्हणजे कोकणातल्या ज्यू घरात गेली. शनिवारी तिथे चूल पेटत नसे, म्हणून शुक्रवारी दिवस मावळायच्या आत मी दुसऱ्या दिवसाचं जेवण शिजवून मोकळा होई. पुढे त्या घरची माणसं एकेक करून इस्रायलला निघून गेली. धाकटी ज्युडिथ तेवढी मागे राहिली. ती याच कॉलेजात शिकवत असे.

१९९३ साली प्रयोगशाळेतलं निर्जंतुक करायचं यंत्र बंद पडलं आणि नवं काही येईना. तेव्हा ज्युडिथ मॅडमनी मला पिशवीत घालून इथे आणलं. आता यात जंतूंचं खाद्य उकळायचं, हा पुन्हा स्वयंपाकघरात जायचा नाही, असं त्यांनी त्याच दिवशी सांगून टाकलं. मला वाईट वाटलं. भाताचा वास मला फार आवडे.

त्या साली मालू बी. एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला होती. पेणच्या खाडीकाठच्या गावातून ती गाडीने येई. तिचे वडील काळुराम मिठागरात कामाला जात. घरचा भातशेतीचा तुकडा होता, पण बांध फुटून उधाणाचं पाणी आत शिरलं आणि जमीन खारवली. खाऱ्या चिखलात जी झुडपं तग धरतात, त्यांच्या मुळाशी राहणारे सूक्ष्म जीव भाताच्या रोपालाही जगवतील का, हे मालूला पाहायचं होतं. अभ्यासक्रमात असलं काही नव्हतं. मॅडम म्हणाल्या, प्रश्न तुझा आणि हातही तुझेच; मी फक्त शंका काढीन.

मग कापसाचे बोळे लावलेले काचेचे चंबू माझ्यात येऊ लागले. मी जीव तोडून वाफ धरली. मालूने ते जीव वाढवले, खाऱ्या मातीतल्या रोपांना घातले आणि ती रोपं तरारली. शेजारची, न घातलेली, पिवळी पडली. मालूने घरी सांगितलं. काळुरामांनी राखून ठेवलेलं सगळं बियाणं त्याच तुकड्यात पेरायचं ठरवलं.

मॅडमनी मात्र प्रयोग पुन्हा करायला लावला, तोही कुंड्यांच्या जागा बदलून. मालू मनातून नाराज झाली, पण तिने तो केला. या वेळी जीव न घातलेली रोपं तरारली, कारण आता खिडकीपाशी ती होती. सगळी करामत उन्हाची होती.

मालूने दोन्ही वेळच्या नोंदी शेजारी शेजारी ठेवल्या. मग हळू आवाजात तिने विचारलं, की मुंबईच्या विद्यार्थी परिषदेत पहिलाच निकाल मांडला तर? तोही घडलेलाच होता ना?

मॅडम रागावल्या नाहीत. "तुझे आबा कुठल्या निकालावर पेरणार आहेत, मालू?" एवढंच त्यांनी विचारलं.

त्याच आठवड्यात काळुराम जीवांचं पाणी न्यायला कॅन घेऊन आले. चपला दाराबाहेर काढून उभे राहिले. मालूने त्यांच्या हातातून कॅन घेतला आणि बाजूला ठेवला.

"आबा, त्या जीवांनी काय केलं नाय. उन्हानं केलं. मी चुकीचं सांगितलं तुमाला."

काळुरामांनी एका कुंडीतली माती चिमटीत घेऊन पाहिली. 

"मंग पेरू नको?"

"नको."

"बरा झाला सांगलास, गो," ते म्हणाले. "बियाणा तरी वाचला."

परिषदेत मालूने दोन्ही निकाल मांडले. बक्षीस मिळालं नाही. पुढे ती मातीचाच अभ्यास करायला बाहेरगावी गेली. काही वर्षांनी म्हाताऱ्या आईसाठी मॅडमही इस्रायलला गेल्या. नवं यंत्र आलं आणि मी कपाटावर चढलो.

मित्रांनो, माझं रबर सुकलं आहे, पण बूड अजून शाबूत आहे. कोणी नवा प्रश्न घेऊन आलं, तर मला खाली काढा, रबर बदला, खुशाल तापवा. आणि प्रयोग फसला, तर ज्याचं शेत त्यावर अवलंबून आहे, त्याला पेरणीच्या आधी सांगा.