दोन औषधांत लावून दिलेलं भांडण

माझ्या पोटातली गाठ काही केल्या हटेना, तेव्हा डॉक्टरीणबाईंनी मला नव्या प्रयोगात घेतलं. एक लाल औषध, एक पांढरं, दोन्ही सलाइनमधून. एकेकटी आधी दिलेली होती, पण जोडीनं चालतात का, ते आमच्यावर बघायचं होतं. शेजारच्या खुर्चीत रिटायर्ड बसड्रायव्हर. त्यांची गाठ यकृतात.

आता ऐका. सुई लागायचा अवकाश, माझ्या पोटात दोन्ही औषधं कडाकडा भांडायला लागली.

"सरक तिकडे, ही गाठ माझी!"

"तुझी? तोंड बघ आरशात!"

केस गेले, तोंडाची चव गेली, पण करमणूक फुकट. त्या ओढाताणीत गाठ बिचारी निम्मी झाली.

ड्रायव्हरभाऊंच्या पोटात मात्र सामसूम. मी कान लावला तर आत चाललेलं, "आधी आपण." "छे छे, आधी आपण!" आणि गाठ मधे बसून मजेत फुगतेय.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "काका, पुढच्या स्कॅनमध्ये अजून वाढलेली दिसली, तर तुम्हाला प्रयोगातून काढावं लागेल." भाऊंचा चेहराच उतरला. दुसरं औषधच उरलं नव्हतं ना त्यांच्यासाठी.

मी त्यांच्या बायकोला म्हटलं, "वहिनी, सरका जरा. चार जावांत नांदलेय मी. हे काम माझं."

भाऊंच्या बेंबीशी वाकले नि कुजबुजले, "लाल, ऐकलंस का? पांढरं म्हणतं, तू नुसतं रंगवलेलं पाणी." मग त्यांना कुशीवर वळवून पांढऱ्याचे कान भरले, "लाल म्हणतं, तुला दया येऊन सोबत घेतलंय."

मग भाऊंच्या शर्टाची बटणं तटातट उडून नर्सबाईंच्या ट्रेमध्ये!

भाऊ ओरडले, "अहो आजी, आत भांडी फेकतायत!"

"फेकू देत. तुम्ही मधे पडू नका."

स्कॅन झाला. संत्र्याएवढी गाठ लिंबाएवढी होऊन, भेदरून कोपऱ्यात बसलेली. डॉक्टरीणबाईंनी फोटो उलटा धरला, सुलटा धरला. "काका, तुम्ही राहताय!" वहिनी हसता हसता रडायला लागल्या.

"पण आजी, हे झालं कशानं? मला लिहावं लागेल."

"लिहा की. या जोडीचं अजिबात पटत नाही, म्हणून गुण येतो."

तेवढ्यात भाऊंच्या पोटातून दोन आवाज एका सुरात आले, "कोण म्हणतं पटत नाही?"

वहिनींचं रडू तिथंच थांबलं. मी चटकन वाकले आणि पुन्हा काडी टाकली.