माझी घडी घालू नका

मी एक जुना फडका आहे, आणि माझ्या मधोमध बशीएवढं जळकं भोक आहे. मित्रांनो, ते कसं पडलं हेच तुम्हाला सांगायचं आहे.

जन्माने मी दुपटं. पांढरं, मऊ, कोपऱ्यात निळ्या दोऱ्याने काढलेला ससा. घरातली छोटी जन्मली, तेव्हा तिला पहिल्यांदा गुंडाळलं ते माझ्यातच. तिची आई मला उकळत्या पाण्यातून काढायची, इस्त्री करायची आणि घडीची कड नखाने दाबायची. तिला सगळ्याचीच काळजी. दूध फार गरम नाही ना, पाळण्याची दोरी झिजली नाही ना. तिचे सासरे तिला इन्स्पेक्टरबाई म्हणायचे.

सासरे तंबाखूचे लाकडी पाइप हाताने घडवत. त्यात लोक काय भरतात आणि कशाला, ते मला विचारू नका. माझा संबंध लाकडापुरता. एक दिवस ते म्हणाले, "सूनबाई, एखादं जुनं कापड दे. धुऊन धुऊन जीव गेलेलं. नव्या कापडाने तेल नीट लागत नाही."

आईने मला कपाटातून काढलं, नाकाशी धरलं, परत ठेवलं आणि पुन्हा काढलं.

"हे घ्या. सशाचा कोपरा तेवढा कापू नका."

असा मी कारखान्यात आलो. कारखाना म्हणजे घराचीच मागची खोली. सासरे आधी कोऱ्या पाइपला गडद तपकिरी रंग पुसत. रंगात स्पिरिट असे. त्याला काडी लावली की निळी ज्योत भुर्रकन उठून विझे आणि रंग लाकडात मुरून बसे. मग ते बारीक पॉलिशपेपरने तो जवळजवळ सगळा घासून काढत. लाकडाच्या शिरांत उरेल तेवढाच ठेवत. त्यावर लालसर रंग, आणि तो वाळला की अळशीचं तेल. तेल माझं काम. मी फिरलो की शिरा जाग्या होत. "रंग लावायला कोणीही लावेल," सासरे म्हणत, "कुठला पुसायचा ते कळलं पाहिजे." शेवटी मेण लागे, पाइप चमके आणि गिऱ्हाईक वाहवा करी. फडक्याची वाहवा कोण करतो?

काम संपलं की सासरे आम्हा तेलाच्या फडक्यांना परसातल्या तारेवर चिमटे लावून वाळत घालत. आम्ही तिघं होतो: एक जुना बनियन, एक टॉवेलचा तुकडा आणि मी. प्रत्येक जण सुटा, एकमेकांना न चिकटता. तीस वर्षं ते असंच करत आले. का, ते कोणी विचारलं नाही. त्यांनीही सांगितलं नाही.

त्या सकाळी वीस पाइपांना तेल लागलं होतं. आम्ही तेलाने ओलेचिंब, तारेवर. आई छोटीची झबली घेऊन आली तर तारेवर जागा नाही. "मेले हे तेलाचे डाग झबल्यांना लागायचे," म्हणत तिने आम्हाला काढलं, नीट घड्या घातल्या, एकावर एक रचलं, बुटांच्या खोक्यात ठेवून झाकण लावलं आणि खोकं कामाच्या टेबलाखाली सरकवलं. टेबलामागे पातळ फळ्यांची भिंत, आणि भिंतीपलीकडे पाळणा.

खरं सांगतो, आधी मला बरंच वाटलं. किती दिवसांनी घडी झाली होती माझी! मग ऊब आली. वाटलं, छोटीच कुशीत शिरली. पण ऊब थांबेना. अळशीचं तेल वाळताना आतल्या आत तापतं. तारेवर असलो की वारा ती उष्णता नेतो. घडीतून तिला बाहेर पडायला वाट नसते. कोणी काडी लावली नव्हती, तरी मी पोळत होतो. पलीकडे छोटीचा झोपेतला श्वास ऐकू येत होता, आणि मला हाक मारायला तोंड नव्हतं.

स्वयंपाकघरात सगळे जेवत होते.

"अहो, जळल्याचा वास येतोय," आई म्हणाली.

"तुला कधी येत नाही?" छोटीचे बाबा हसले. "आजोबा रंग पेटवत असतील."

"आजोबा तुमच्या शेजारी बसलेत."

धडाधड पाट सरकल्याचे आवाज आले. आईने आधी छोटीला उचललं आणि अंगणात नेलं. सासऱ्यांनी धुमसणारं खोकं ओल्या टॉवेलात धरलं, परसात धावत नेलं आणि दुपटी भिजत घातलेल्या पाण्याच्या बादलीत पालथं केलं. मी चर्रकन विझलो.

आई पायरीवर बसली. छोटीला इतकं घट्ट धरलं होतं की ती रडू लागली. "मीच ठेवले होते ते. मीच घडी घातली."

सासरे तिच्या शेजारी खाली बसले. "तीस वर्षं वाळत घालतोय, पण का ते तुला एकदा तरी सांगितलं का? तुझे हात नाही चुकले गं. माझं तोंड चुकलं."

छोटीचे बाबा उष्ट्या हाताने उभे होते. हळूच म्हणाले, "यापुढे तुला वास आला की आधी मी उठेन."

मित्रांनो, घरातली मोठी माणसं एखादी गोष्ट रोज न बोलता करत असतील, तर ती का, ते विचारा. आणि मोठ्यांनो, कोणी विचारायची वाट पाहू नका. तेलाचा फडका सुटा, उघड्यावर वाळत घाला. आम्हाला घडीची हौस असली तरी.

परसात आता दुसरी तार आहे, झबल्यांसाठी. बनियन आणि टॉवेल गेले. मला सशामुळे ठेवलंय. छोटी आता चालते. तारेखाली उभी राहून सशाकडे बोट दाखवते. मग आई तिला उचलून घेते, माझ्या भोकातून पलीकडचं आभाळ दाखवते आणि हा फडका असा का टांगतात ते पहिल्यापासून सांगते. छोटीला अजून धड बोलता येत नाही. आई तरी सांगतेच.